विजन, वनवाट आणि वाटेचे धनी

मोटारींची वर्दळ नसलेल्या कच्च्या रस्त्यावरून एकट्याने सायकल चालवताना मनाला जी शांतता लाभते, ती शरीराच्या श्रमातून आलेला सुखद थकवा एवढीच असते की तिला साधनेचे काही मोल असते, हा प्रश्न वरवर दिसतो तितका हलका नाही. फ्रान्सच्या ग्रामीण भागात बंद पडलेले लोहमार्ग, जुन्या कालव्यांचे काठ आणि शेतांमधले खडीचे रस्ते यांवरून रुंद टायरच्या सायकलींनी दिवसेंदिवस हिंडण्याची रीत आता चांगली रुळली आहे आणि तिच्यामागे वेगाचा हव्यास नसून गर्दीतून सुटण्याची ओढ आहे. त्याच देशातून स्पेनमधील सांत्यागोच्या कॅथेड्रलकडे जाणारे मध्ययुगीन यात्रामार्गही जातात आणि तिथली धर्मसत्ता यात्रेचे प्रमाणपत्र देताना पायी आलेल्याकडून किमान १०० किलोमीटर, तर सायकलने आलेल्याकडून किमान २०० किलोमीटर मागते, मोटारीने आलेल्याला मात्र ते देतच नाही. साधन सुलभ झाले की अंतर वाढले पाहिजे, म्हणजे पुण्य कष्टाच्या मापाने मोजले पाहिजे, असा विचार या नियमामागे दिसतो. परंतु कष्टाचे माप वाटेवरच्या माणसांविषयी काहीच सांगत नाही, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात हा प्रश्न नेला की नेमकी तीच बाजू पुढे येते.

मराठी धर्मपरंपरेत एकट्याने हिंडण्याचा सर्वांत कसोशीचा विचार महानुभाव पंथाने केला आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी आपल्या अनुयायांना जो आचार घालून दिला, त्यात अटन म्हणजे एका जागी न रमता फिरत राहणे आणि विजन म्हणजे निर्जन ठिकाणी बसून परमेश्वराचे स्मरण करणे, या दोन गोष्टींना मध्यवर्ती स्थान आहे. देशाच्या शेवटी, जिथे कोणी ओळखत नाही अशा जागी, झाडाखाली आयुष्य वेचावे, असा त्या उपदेशाचा रोख आहे. हा एकांत निसर्गसौंदर्याच्या आस्वादासाठी नाही. ओळख, मान आणि नात्याचा आधार यांनी पोसलेला अहंकार उपाशी पडावा, यासाठी तो आहे. मात्र याच दिनक्रमात भिक्षाही सांगितलेली आहे, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. विजनात बसलेला साधक रोज कोणाच्या तरी दारात उभा राहतो आणि अनोळखी हाताने वाढलेले अन्न स्वीकारतो, म्हणजे त्याचा एकांत परक्यांच्या औदार्यावर उभा असतो आणि ही गोष्ट तो स्वतःपासून लपवू शकत नाही. एकांताची सिद्धी आणि परावलंबनाची कबुली एकाच दिवसात गुंफण्यात या आचाराची खरी खोली आहे.

जैन साधूंची ईर्यासमिती, म्हणजे चालताना पुढची सुमारे चार हात जमीन न्याहाळत, कोणताही जीव पायाखाली येणार नाही अशा बेताने पाऊल टाकण्याचा नियम, हाही याच विचाराचा दुसरा पैलू आहे. येथे वाट ही रिकामी जागा मानलेली नाही. ती आधीच कोणाची तरी वस्ती आहे, असे गृहीत धरून चालणाऱ्यावर जबाबदारी टाकलेली आहे. सायकलस्वार हा नियम पुरता पाळू शकत नाही हे उघड आहे, तरी मुरमाच्या रस्त्यावर त्याची नजर बहुतेक वेळ जमिनीवरच खिळलेली असते, कारण तांबड्या मुरमाचा सैल थर चाकाला बाजूला ओढतो, पावसाळ्यात बैलगाडीने पाडलेली चाकोरी उन्हात वाळून कडक होते आणि तीत अडकलेले पुढचे चाक सहजासहजी बाहेर निघत नाही. मोटारीच्या काचेआडून जंगल हे देखावा होते. सायकलवरून ते वास, आवाज, उतार आणि अडथळा अशा रूपांनी अंगावर येते. एवढ्याने साधना घडत नाही, पण साधनेला लागणारे अवधान घडण्याची सोय मात्र होते, हे मान्य करावे लागेल.

आता या वाटा खरोखर निर्जन आहेत काय, हे पाहिले पाहिजे. १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा दोन-तृतीयांशाहून अधिक वनाच्छादित आहे आणि धानोरा, एटापल्ली, भामरागड या तालुक्यांत सागवान, ऐन, धावडा आणि बांबूच्या रानातून जाणाऱ्या रस्त्यांवर दीर्घ काळ एकही मोटार दिसत नाही, असे सहज घडते. तथापि मोहफुलांच्या हंगामात, मार्च-एप्रिलच्या पहाटे, याच रस्त्यांच्या कडेला झाडाखालचा पाचोळा झाडून साफ केलेली वर्तुळे दिसतात, त्यांत रात्रभर गळलेली पिवळट, रसाळ फुले पडलेली असतात आणि बायका, मुले, म्हातारी माणसे ती वेचून टोपल्यांत भरत असतात. त्यानंतर तेंदूपत्त्याचे दिवस येतात. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर शाळेला जाणाऱ्या मुली, कॅरियरला तांदळाचे पोते बांधून आठवडी बाजारातून परतणारे माडिया आणि गोंड शेतकरी, हे या मुरमाच्या वाटांचे नित्याचे प्रवासी आहेत. शहरातून आलेल्या सायकलस्वाराला वाट रिकामी वाटते, याचे कारण ती रिकामी असते हे नव्हे, तर तिच्यावरची माणसे त्याच्या परिचयाची नसतात हे आहे. गावकऱ्यांनी बोरिंगवर, म्हणजे हातपंपावर, भरून दिलेले पाणी पिऊन तो पुढे जातो तेव्हा महानुभाव साधकाप्रमाणे त्याचाही एकांत परक्याच्या हाताने सांभाळलेला असतो. फरक एवढाच की त्या साधकाला त्याची जाणीव ठेवणे भाग होते.

आणि वाटेवर केवळ माणसेच नाहीत. १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेल्या ताडोब्याचे नावच एका देवाचे आहे: तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मरण पावला आणि तलावाकाठी देव होऊन बसला, अशी आदिवासींची श्रद्धा आहे आणि पौषात तेथे जत्रा भरण्याची परंपरा आहे. ही कथा विचार करण्याजोगी आहे, कारण तीत देवत्व विजयातून आलेले नाही. वाघाकडून मारल्या गेलेल्या माणसाची पूजा करणारा समाज जंगलाला आपले क्रीडांगण समजत नाही, तसा त्याला शत्रूही समजत नाही. मृत्यू शक्य आहे हे जाणून तो तिथे राहतो आणि या जाणिवेलाच पूजेचे रूप देतो. आज गाभा क्षेत्रात पर्यटकाला पायी वा सायकलने हिंडता येत नाही, ठरलेल्या वाहनातून मार्गदर्शकासह जावे लागते, आणि हा निर्बंध योग्यच आहे. परंतु संरक्षित सीमेबाहेर, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या भागांत, मोहफुले वेचायला वाकलेल्या माणसाला असे वाहन नसते. तिथे वाघाच्या हल्ल्यात माणसे जातात. ज्या वाटेवर काही तास थरार अनुभवून परतता येते, तीच वाट दुसऱ्याला रोज पोटासाठी तुडवावी लागते, ही गोष्ट मनात न ठेवता मिळवलेल्या शांततेला धार्मिक म्हणणे कठीण आहे.

याच भूमीतून सायकलचा अगदी उलट दिशेचा विचारही निघाला आहे. वरोऱ्याजवळ १९४९ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभारणाऱ्या बाबा आमट्यांनी, देश फुटीरतेच्या वणव्यात होरपळत असताना, १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून काश्मीरच्या दिशेने भारत जोडो अभियान काढले. शंभराहून अधिक तरुण-तरुणी त्यात सायकलवर होते आणि मणक्याच्या विकाराने बसणेही अशक्य झालेले बाबा सोबतच्या गाडीत आडवे पडून प्रवास करत होते. १९८८ मध्ये दुसरे अभियान इटानगरहून ओख्याला गेले. या यात्रांनी विजन शोधले नाही, जन शोधला. सायकल निवडली ती तिच्यावरून उतरून कोणाच्याही अंगणात उभे राहता येते म्हणून. चाकाचा वेग माणसाच्या हाकेच्या आटोक्यात राहिला तर प्रवासी आणि रहिवासी यांच्यात बोलणे शक्य होते. एकांतप्रिय सायकलस्वार आणि हे यात्री परस्परविरोधी वाटतात, पण हाक ऐकू येण्याइतका मंद वेग ही दोघांचीही पहिली अट आहे, आणि विजनाची व्याख्या माणसांचा अभाव अशी न करता स्वतःच्या महत्त्वाचा अभाव अशी केली तर त्यांच्यातला विरोध बराचसा मावळतो.

तरीही एक अवघड प्रश्न उरतो: शांतता टिकते ती कोणाच्या निर्णयाने? धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेथील ग्रामसभा बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने निर्णय घेते आणि निर्णयाआधी अभ्यासगटात विषय सोलून पाहते. तिथल्या रानातली वाट शांत आहे, कारण बांबू कधी आणि किती तोडायचा हे गाव बसून ठरवते. याउलट एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरावर, जिथे परिसरातील आदिवासी ठाकूरदेवाची पूजा करतात आणि दर जानेवारीला यात्रा भरवतात, लोहखनिजाची खाण चालू झाल्यापासून आलापल्ली-आष्टीच्या रस्त्यावर अवजड मालमोटारींची रांग लागते आणि कडेच्या झाडांची पाने तांबड्या धुळीने माखतात. ओडिशातील नियमगिरी डोंगरावरच्या प्रस्तावित खाणीच्या बाबतीत, डोंगरावरील देवाशी जोडलेल्या हक्कांचा विचार ग्रामसभांनी करावा, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला आणि तेथील सर्व बारा ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. सुरजागडला रोजगार मिळाला, हे नाकारण्याचे कारण नाही, आणि रोजगार हवा असलेल्या तरुणाला बाहेरच्याने मौनाचे महत्त्व पटवून देणे हा उद्धटपणाच ठरेल. पण ज्या सायकलस्वाराने या वाटांवर मौन अनुभवले आहे, त्याला ते मौन तिथल्या ग्रामसभांच्या पहाऱ्यामुळे मिळाले होते. त्या पहाऱ्याचा अधिकार काढून घेतला जात असताना तटस्थ राहण्याची मुभा त्याला उरत नाही.