अल्पसंबंधाचे ऋण

जे दुःख सख्ख्या भावालाही सांगवत नाही, ते मनुष्य अनोळखी वैद्यापुढे अर्ध्या घटकेत उघडे करतो आणि घरी परतल्यावर त्या वैद्याचे नावही विसरतो, याचे पुष्कळांस नवल वाटते. बेंगळुरूच्या होसूर मार्गावरील निम्हान्समध्ये हे नित्य घडते. जुने मानसिक रुग्णालय आणि १९५४ ची अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था १९७४ साली एकत्र होऊन ही संस्था झाली. दूरदूरचे आप्त रुग्णाला घेऊन तेथे येतात.

महासागरात भेटून विलग होणाऱ्या दोन काष्ठांचा दृष्टांत शांतिपर्वात आहे. तो पितापुत्रांनाही लागू पडतो, हे आपण सोयीने विसरतो. मग अल्पकाळाचा म्हणून वैद्याचाच संबंध हीन कसा? शुल्क दिले की ऋण फिटले, असे कोणी म्हणेल. परंतु शुल्क श्रमाचे असते. दुसऱ्याची लाज राखून ऐकण्याचे मोल कोणत्या पावतीवर लिहितात? गीतेच्या सतराव्या अध्यायात, ज्याच्याकडून परतफेड होणार नाही त्याला कर्तव्यबुद्धीने दिलेले दान सात्त्विक म्हटले आहे. अवधान हेही दानच होय.

रुग्णालयातील बाकांवर एका रुग्णाची आई दुसरीचे सारे ऐकून घेते. त्यांनाही एकमेकींची नावे ठाऊक नसतात.