आवड आणि निवाडा

कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचा काळ आमच्याकडे जत्रांचा. अलीकडे तो चित्रपटविषयक मतांचाही हंगाम होऊन बसला आहे. २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात भरू लागला. बहुधा नोव्हेंबरात येणारा तो सोहळा आटोपतो न आटोपतो तोच नाताळची सुटी लागते आणि घरोघरी दूरचित्रवाणीपुढे बैठक बसते. पुढे सातासमुद्रांपलीकडील ऑस्कर पारितोषिकांची चर्चा सुरू होते. या चार महिन्यांत चित्रपटाचा शौकीन माणूस मौन पाळू शकत नाही. अमका चित्रपट जिंकावयास हवा होता, तमक्या नटास डावलले, निकाल पूर्वीच ठरला होता, अशी विधाने देवळाच्या ओसरीवर, लग्नाच्या पंगतीत आणि कोर्टाच्या वकीलखोलीतही आमच्या कानी पडतात. या विधानांत एक शब्द वारंवार येतो, तो 'अन्याय'. वकिली करणाऱ्याच्या कानास हा शब्द खटकतो; कारण अन्याय झाला असे म्हणणे म्हणजे कोणावर तरी आरोप ठेवणे होय. तो ठेवण्याचा अधिकार रसिकास आहे काय, आणि असल्यास कोणत्या अटींवर, एवढाच प्रश्न आम्हांस येथे विचारात घ्यावयाचा आहे.

प्रथम हा हंगाम मूळचा जेथील, तेथेच पाहू. अमेरिकेत नाताळ आणि पारितोषिके यांची सांगड योगायोगाने पडलेली नाही. ऑस्करसाठी चित्रपट त्या वर्षाच्या अखेरपर्यंत चित्रगृहात झळकलेला असावा लागतो. मतदारांच्या स्मरणात ताजे राहावे आणि सुटीची गर्दीही पदरात पडावी, म्हणून निर्माते आपले मोठे चित्रपट डिसेंबरात आणतात. परिणामी तेथील शौकिनाच्या मनात सणाचा जिव्हाळा आणि स्पर्धेची ईर्ष्या एकाच वेळी जाग्या होतात. घोटाळ्याचे मूळ आम्हांस येथेच दिसते. सणात मनुष्य प्रेम करावयास बसतो, स्पर्धेत तोलावयास बसतो. आणि एकाच आसनावर बसून दोन्ही करू लागला की त्याला स्वतःलाच कळेनासे होते की आपण प्रेम करीत आहोत की तोलीत आहोत.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे फ्रँक काप्राचा 'इट्स अ वंडरफुल लाइफ' हा १९४६ चा चित्रपट. लहान गावातील एक सज्जन मनुष्य इतरांसाठी आपली सारी स्वप्ने बाजूस सारतो. नाताळच्या आदल्या रात्री हताश होऊन प्राण द्यावयास निघतो. आणि आपण जन्मासच आलो नसतो तर गावाचे काय झाले असते, हे एक देवदूत त्यास दाखवितो. हा चित्रपट प्रथम प्रदर्शित झाला तेव्हा त्याने निर्मात्यांचा खर्चही भरून काढला नाही. पाच विभागांत त्याचे नामांकन झाले, परंतु मार्च १९४७ च्या समारंभात त्यांपैकी एकही पारितोषिक त्यास लाभले नाही. कृत्रिम बर्फ पाडण्याच्या नव्या पद्धतीबद्दल तेवढा एक तांत्रिक सन्मान मिळाला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान विल्यम वायलरच्या 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज' या चित्रपटाने नेला.

पुढील हकीगत कायद्याच्या अभ्यासकास विशेष रम्य वाटेल. तत्कालीन अमेरिकन कायद्याप्रमाणे स्वामित्वहक्क अठ्ठावीस वर्षांनी नव्याने नोंदवावा लागे. १९७४ मध्ये ती मुदत भरली, आणि कोणाच्या तरी दुर्लक्षामुळे नोंदणी राहून गेली. चित्रपट फुकट दाखविता येतो असे कळताच गावोगावच्या दूरचित्रवाणी केंद्रांनी तो दर नाताळास, एकाच आठवड्यात अनेकदाही, दाखविण्यास आरंभ केला. ज्यास बाजाराने आणि परीक्षकांनी नाकारले, तो एका कारकुनी चुकीमुळे घराघरांतील नाताळचा कुळाचार बनला. मूळ कथेवरील हक्क मात्र शाबूत होता. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका चित्रपटाच्या प्रकरणी कथेच्या हक्कास महत्त्व देणारा निर्णय दिला. त्याच्या आधारे १९९३ मध्ये हक्कदारांनी पुन्हा आपला दावा पुढे केला आणि फुकट प्रक्षेपणे बंद झाली. तोवर त्या चित्रपटाने लोकांच्या हृदयात जी जागा घेतली होती, ती कोणत्याही नोंदवहीत नव्हती.

आता त्याचा चाहता म्हणतो, "पाहा, काळाने न्याय केला, १९४७ चा निकाल चुकीचा होता." येथे आम्ही त्यास थांबवून विचारू की, बाबा रे, ज्यास पारितोषिक मिळाले तो चित्रपट तू पाहिला आहेस काय? महायुद्धावरून परतलेल्या तीन सैनिकांची ती कथा आहे. त्यांतील एकाची भूमिका हॅरल्ड रसेल या खऱ्याखुऱ्या सैनिकाने केली, ज्याचे दोन्ही हात सैन्यात असताना स्फोटात गेले होते. ज्यांचे पुत्र नुकतेच परतले होते, अथवा परतलेच नव्हते, अशा समाजाने त्या वर्षी तो चित्रपट श्रेष्ठ मानला. यात अन्याय कोठे झाला? पुढे दुसरा चित्रपट अधिक प्रिय झाला, एवढ्याने पहिल्याचा विजय खोटा ठरत नाही. थोरल्या मुलास शाळेत बक्षीस मिळाले आणि धाकटा घराचा लाडका झाला, म्हणून थोरल्याचे बक्षीस काढून घ्यावे असे कोणी म्हणत नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात इतकेच की, आवडीस पुरावा लागत नाही, निवाड्यास लागतो. 'मला हा चित्रपट आवडला' असे म्हणणारा मनुष्य कोणाचेच देणे लागत नाही. तो का आवडला हेही त्याने सांगावे असा आग्रह नाही. परंतु 'दुसऱ्यास मिळालेला मान याचा होता' असे ज्या क्षणी तो म्हणतो, त्या क्षणी तो न्यायासनावर चढतो. आणि त्या आसनाची बंधने मग त्यास लागू होतात. त्यांतील पहिले बंधन असे की, ज्याने दोन्ही बाजू ऐकल्या नाहीत त्याने निर्णय देऊ नये.

हे बंधन पाळणे किती अवघड आहे, हे खुद्द ऑस्करच्या इतिहासावरून दिसून येते. पहिला समारंभ १९२९ मध्ये झाला. परंतु अंतिम फेरीत ज्या विभागात मत द्यावयाचे त्यातील सर्व नामांकित चित्रपट पाहिलेच पाहिजेत, हा सरसकट नियम अकादमीने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केला. अन्यत्र पाहिलेला चित्रपट केव्हा व कोठे पाहिला, हे मतदाराने लिहून द्यावयाचे असते. म्हणजे जवळजवळ शतकभर, बहुतेक विभागांत, न पाहताही मत देण्यास आडकाठी नव्हती! शौकीन मनुष्य यावर हसेल. पण त्याने स्वतःस तोच नियम लावून पाहावा. गेल्या हंगामात ज्या चित्रपटांविषयी त्याने हिरिरीने मत दिले, त्यांपैकी किती त्याने अथपासून इतिपर्यंत पाहिले, हे एका कागदावर लिहून त्याखाली सही करावी. आमची अशी समजूत आहे की, पुष्कळ हात सहीपाशी थबकतील.

आमच्या परंपरेत हा भेद नवा नाही. भरताच्या नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीचा विचार आला आहे. तेथे प्रेक्षक निराळा आणि प्राश्निक, म्हणजे परीक्षक, निराळा. पात्राच्या आनंदाने आनंदित होणारा, त्याच्या शोकाने शोकाकुल होणारा तो प्रेक्षक. त्याच्याकडून तन्मयतेची अपेक्षा आहे. प्राश्निक मात्र ज्या त्या विषयाचा जाणकार असावा लागतो: यज्ञकर्मासाठी यज्ञवेत्ता, वृत्तांसाठी छंदोवेत्ता, शब्दांसाठी वैयाकरण, शस्त्रप्रयोगासाठी धनुर्विद्येचा ज्ञाता. स्पर्धेत पताका कोणास द्यावयाची हे ठरविताना दोष मोजावयाचे, आणि तेही निःपक्षपातीपणे. शिवाय तरुणास एक रुचते, वृद्धास दुसरे, ही गोष्ट त्या ग्रंथाने मोकळेपणाने मान्य केली आहे. रुचिभेद हा तेथे दोष नाही. दोष होतो तो रुचीस निकषाचे वस्त्र नेसविल्याने.

गोव्याच्या देवळांत जत्रेच्या रात्री होणारी नाटके ज्यांनी पाहिली आहेत, त्यांस हे निराळे सांगावयास नको. मंडपात पहाटेपर्यंत बसणारा ग्रामस्थ आपल्या वाड्यावरील मुलाचे काम पाहून भारावतो. ती आवड आहे आणि ती पवित्र आहे. तोच ग्रामस्थ नाट्यस्पर्धेचा परीक्षक म्हणून बसला, तर त्याने वाडा विसरला पाहिजे.

यावर कोणी आक्षेप घेईल की, परीक्षक तरी कोठे वाडा विसरतात? प्रचारावर पैसा ओतला जातो, स्नेहसंबंध पाहिले जातात. शिवाय २००९ च्या चित्रपटांपासून सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी पसंतिक्रमाची मतदानपद्धती आली असल्याने, पुष्कळांच्या दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीचा चित्रपटही जिंकू शकतो. मग सामान्य रसिकानेच एवढी शुचिता का बाळगावी? आक्षेप खरा आहे, पण निष्कर्ष खरा नाही. न्यायाधीश चुकतो म्हणून साक्षीदारास खोटे बोलण्याची मुभा मिळत नाही. किंबहुना रसिकाचे मत मोलाचे आहे ते एवढ्यासाठीच की, त्याचा त्यात कसलाही स्वार्थ गुंतलेला नसतो. ते मोल त्याने न पाहिलेल्या वस्तूविषयी बोलून घालवू नये.

आणि हा प्रश्न परक्यांपुरताच राहत नाही. २००४ मध्ये संदीप सावंत यांच्या 'श्वास' या चित्रपटास सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'श्यामची आई'नंतर अर्धशतकाने मराठीस तो मान लाभला होता. भारतातर्फे तो ऑस्करसाठी गेला, आणि तेथील प्रसिद्धीच्या खर्चासाठी लहानथोरांनी आपल्या ऐपतीप्रमाणे हातभार लावला. ती मराठी माणसाच्या प्रेमाची साक्ष होती आणि तिचा आम्हांस अभिमान आहे. परंतु अंतिम पाचांत त्याचे नाव आले नाही तेव्हा अनेक मुखांतून तोच शब्द निघाला: अन्याय! त्या वर्षी परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर स्पेनच्या 'मार आदेंत्रो' या चित्रपटास मिळाले. मानेखालील सारे शरीर लुळे पडलेल्या रामोन साम्पेद्रो या मनुष्याने सन्मानाने मरण्याची परवानगी मिळावी म्हणून न्यायालयाचे दार ठोठावले होते. त्या सत्यघटनेवर तो आधारलेला आहे. प्राण वाचावेत म्हणून नातवाची दृष्टी कायमची जाणार हे कळल्यावर, शस्त्रक्रियेपूर्वी त्यास जग दाखवू पाहणारा आजोबा एकीकडे; आणि असे जगणे नको म्हणणारा रुग्ण दुसरीकडे. एकाच प्रश्नाची ही दोन टोके. ज्याने दोन्ही पाहिले त्याच्या मुखी 'अन्याय' हा शब्द येण्यापूर्वी बराच वेळ शांतता येईल, असे आम्हांस वाटते. ज्याने एकच पाहिला त्याचे प्रेम खरे, परंतु त्याच्या निवाड्यास आधार नाही. आणि दुसऱ्या देशातील एका प्रामाणिक कलाकृतीस त्याने नकळत चोर ठरविले, हे त्याच्या ध्यानातही येत नाही. उतावळ्या मताने होणारी खरी हानी ती हीच.

याचा अर्थ रसिकाने गप्प बसावे असा नव्हे. सर्व बाजू पाहून, कारणे देऊन, निकाल चुकला असे तो खुशाल म्हणो. १९४२ च्या समारंभात 'सिटिझन केन' मागे पडला. पुढे जाणकारांनी तो पुनःपुन्हा पाहिला, त्याच्या छायाचित्रणाची व मांडणीची चिकित्सा केली, आणि एका ब्रिटिश नियतकालिकाने दर दहा वर्षांनी घेतलेल्या कौलांत १९६२ पासून २००२ पर्यंत तो अग्रस्थानी राहिला. हे खरे अपील होय. ते ओरडून झाले नाही, पाहून झाले. आणि त्या अपिलाचा निकालही अंतिम नव्हता. २०१२ व २०२२ च्या कौलांत अग्रस्थान इतरांकडे गेले.

राहता राहिली निखळ आवड. तिला आम्ही निवाड्यापेक्षा हीन समजत नाही. पारितोषिक ही जपावयाची वस्तू आहे. ऑस्कर मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय, कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी १९८३ मध्ये मिळालेली आपली प्रतिमा, मागे तिचे काय होईल या चिंतेने, २०१२ मध्ये अकादमीच्याच स्वाधीन केली. वर उल्लेखिलेल्या हॅरल्ड रसेलने पत्नीच्या औषधोपचारासाठी १९९२ मध्ये आपले एक ऑस्कर विकले. मूर्ती कपाटातून जाते, हातातून जाते. आवडीस कपाट लागत नाही. दरवर्षी तीच कथा, तोच शेवट ठाऊक असूनही, एक कुटुंब तोच चित्रपट पाहावयास बसते. आमच्याकडे तेच आख्यान दर जत्रेस तितक्याच ओढीने ऐकले जाते. तेथे कोणी कोणास हरवीत नाही.

म्हणून यंदाच्या हंगामात आमची शौकीन मित्रमंडळींस एवढीच विनंती आहे: जे आवडले ते मनसोक्त आवडू द्यावे, आणि तसे निःसंकोच सांगावे. अन्याय झाला असे म्हणावयाचे असेल, तर त्यापूर्वी ज्याने मान मिळविला त्याची कृती एकवार शांतपणे पाहावी. एवढे करूनही तोच शब्द ओठांवर राहिला, तर तो उच्चारावा. मग त्यास वजन येईल.