फाटक आणि झापा

धडगावच्या पलीकडे सातपुड्याच्या एका माथ्यावर मोठं बांधकाम निघालं. कशाचं, ते या गोष्टीला महत्त्वाचं नाही. ठेकेदाराने जिल्हाधिकाऱ्यांची रीतसर परवानगी काढली, तीन शेतकऱ्यांच्या जमिनीचा पट्टा भाड्याने घेतला आणि मुरूम टाकून खासगी रस्ता केला. डंपर चढू लागले, पोकलेन डोंगर फोडू लागलं.

रस्ता झाला तशी माणसंही त्यावरून ये-जा करू लागली. एक वासरू डंपरखाली आलं. सुरुंगाचा दगड उडून एका गुराख्याच्या पायाशी पडला. वर रात्रीचं डिझेल चोरीला जाऊ लागलं. ठेकेदाराने पायथ्याशी लोखंडी फाटक बसवलं, कुलूप घातलं आणि पाटी लावली: ‘गेटपासशिवाय प्रवेश बंद’. यात त्याचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. सुरुंग उडतात तिथे पोरंबाळं हिंडू देणारा माणूस दयाळू नसतो, बेफिकीर असतो.

पण नव्या रस्त्याचा अर्धा भाग जुन्या पाऊलवाटेवरच पडला होता. झऱ्याची वाट तीच, वरच्या शेतांची तीच, मोह वेचायला जायचीही तीच. गावाचा कारभारी फाटकाशी आला.

“पास कुठे मिळतो?”

“शहाद्याच्या ऑफिसात. आधारची झेरॉक्स लागेल,” वॉचमन म्हणाला.

स्वतःच्या शेतात जायला घाट उतरून शहाद्याला जायचं! लोकांनी नाद सोडला. बाया मोहाच्या टोपल्या डोक्यावर घेऊन नाल्यातून वळसा घालू लागल्या. एका बाळंतिणीची झोळी आली तेव्हा वॉचमनची तयारी होती, पण रात्रीची किल्ली मुकादमाच्या खिशात आणि मुकादम शहाद्याला. झोळी नाल्यातूनच गेली. बाई वाचली, एवढंच. त्या भागात वाट बंद असणं म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. 2021च्या सप्टेंबरात चांदसैली घाटात दरड कोसळली, तेव्हा आजारी बायकोला खांद्यावर घेऊन एकाला चालावं लागलं होतं. ती दवाखान्यापर्यंत पोहोचली नाही.

आषाढात नाल्याला लोंढा आला आणि ठेकेदाराच्या रस्त्याची मोरी वाहून गेली. फाटक मात्र जागेवर उभं, कुलपासकट. त्यातच वर पोकलेनचा ऑपरेटर तापाने फणफणला. मुकादमाने बांबूला घोंगडी बांधली, चार मजूर घेतले आणि उरलेल्या एकाच वाटेने निघाला. ती वाट एका म्हातारीच्या शेतातून जात होती. तिथे झापा होता. बोरीच्या फांद्या बांबूच्या चौकटीत गुंफलेल्या, खालचं टोक चिखलात रुतलेलं, वरून दुबेळक्याचा टेकू. मुकादम थबकला. आता ही काय मागणार?

म्हातारीने टेकू काढला, काटे हाताला लागू नयेत म्हणून पदर गुंडाळला आणि झापा उचलून धरला. झोळी पलीकडे गेली तसा पुन्हा रोवला.

“आजी, तू काही विचारलं नाहीस?”

“विचारायचं काय? झोळीत माणूस आहे ते दिसतंय की. झापा बकऱ्यांसाठी आहे, बाबा.”

पुढच्या पाड्यावर गावातल्या पोरांनी न सांगता खांदा बदलला. धडगावच्या रुग्णालयात ऑपरेटर बरा झाला.

हे ऐकून ठेकेदार स्वतः वर आला आणि कारभाऱ्यासोबत मोहाखाली बसला. बोलणं बरंच लांबलं, आवाजही चढले, पण संध्याकाळपर्यंत ठरलं. फाटक राहील. गाडीला पास लागेल आणि तिची रजिस्टरात नोंद होईल. सुरुंगाच्या वेळी दोन्ही बाजूंना लाल झेंडा लागेल, शिट्टी होईल आणि तेव्हा ठेकेदाराची जीपसुद्धा थांबेल. एरवी पायी माणूस, गुरं आणि झोळी यांना कुणी अडवायचं नाही. किल्ली वॉचमनच्या खोपटात खिळ्याला टांगलेली राहील. रात्रपाळीला गावातलाच माणूस ठेवायचा.

त्या माणसाला गावातला प्रत्येक चेहरा ओळखीचा होता, त्यामुळे अनोळखी हालचाल त्याला लगेच खटकायची. पंधरवड्यात डिझेलचोर सापडला. तो टँकरचा ड्रायव्हर निघाला. त्याच्याकडे पास होता, शिक्क्यासह.

गोष्टीतला ठेकेदार ऐकणारा निघाला. सगळेच निघत नाहीत. तुमच्या शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कुणी फाटक लावून अडवली असेल, तर आधी समोरासमोर बोलून पाहा. नाहीच जमलं तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906च्या कलम 5 खाली तहसीलदाराकडे दावा करता येतो. मात्र वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो दाखल करा, नंतर तो घेतला जात नाही.