कौल कोणाचा घ्यायचा?

वीज हवी का, असं विचारलं तर देशातला जवळपास प्रत्येक जण हो म्हणेल. प्रकल्प तुमच्या गावात आणू का, असं विचारलं की उत्तर बदलतं, आणि त्या बदललेल्या उत्तराला स्वार्थी ठरवायची आपल्याला सवय झाली आहे. तारापूर असो, जैतापूर असो, अणुभट्टीच्या जागेचा वाद असाच हाताळला गेला. माझ्या मते प्रकल्पाची न्याय्यता ठरते ती या दुसऱ्या प्रश्नावर: तो कधी विचारला आणि कोणाला विचारला. याचा जुना आणि सज्जड पुरावा मावळात आहे.

लोणावळ्याला ८ फेब्रुवारी १९११ रोजी टाटांच्या जलविद्युत योजनेची पायाभरणी झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीहून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. घाटमाथ्यावरचा पाऊस, पूर्वेला वाहणाऱ्या नद्या आणि पश्चिमेला पाचशे मीटरहून अधिक खोल उतरणारा कडा, यांनी ही जागा सुचवली. वळवण आणि शिरोत्यापाठोपाठ आंदर मावळात ठोकळवाडीला पाणी अडवलं गेलं आणि मग पाळी आली मुळशीची. तिथे लोकांच्या संमतीवाचून शेतांत खोदकाम सुरू झालं. १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे शेतकरी सत्याग्रहाला उतरले. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्यांचे पुढारी होते. तीन-चार वर्षांत लढा हरला, बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली, धरण उभं राहिलं. पण हा लढा का हरला, ते नीट पाहिलं पाहिजे. खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनींची कागदोपत्री मालकी पुण्याच्या सावकारांकडे होती. कसणारा मावळा कुळ होता. सावकार भरपाईकडे झुकले, कारण त्यांच्या लेखी जमीन म्हणजे पैशात बदलता येणारा ऐवज होता. कुळाच्या हाती त्या भरपाईतून फारसं येणार नव्हतं आणि भातखाचर गेलं की पोटाचं साधनच जाणार होतं. त्या वेळी नुसत्या मालकांची मतं मोजली असती, तर मुळशीने होकार दिला अशी नोंद झाली असती.

आपण हे शिकलो का? २०१३च्या भूसंपादन कायद्यात खासगी कंपनीसाठी जमीन घेताना ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती लागते. ही मोठी सुधारणा आहे. परंतु संमतीसाठी कोणती कुटुंबं मोजायची, तर ज्यांची जमीन वा मालमत्ता संपादित होते आणि ज्यांना सरकारने जमीन दिली आहे ती. कुळं, वाटेकरी, शेतमजूर यांना त्याच कायद्याने बाधित मानलं आहे, पुनर्वसनाचा हक्कही दिला आहे. मत मात्र दिलेलं नाही. शिवाय सरकारच्या स्वतःच्या प्रकल्पाला ही संमती लागतच नाही. अणुऊर्जा प्रकल्प आजवर सरकारी यंत्रणेनेच उभारले आहेत. म्हणजे ज्या प्रकल्पाबद्दल लोकांना सर्वाधिक धास्ती वाटते, तिथे विचारण्याची सक्ती सर्वांत कमी. जनसुनावणी होते खरी, पण ती जागा ठरल्यानंतर. तोवर बोलण्यासारखं उरतं ते फक्त भरपाईच्या दराबद्दल.

याला पहिला आक्षेप असा की गावाला नकाराधिकार दिला तर कोणीच हो म्हणणार नाही आणि देश अंधारात राहील. फिनलंडचा अनुभव वेगळा आहे. तिथे अणुप्रकल्पाला स्थानिक नगरपरिषदेची मान्यता कायद्यानेच लागते, आणि तरीही एउरायोकीच्या परिषदेने २००० साली वापरलेल्या अणुइंधनाचा साठा आपल्या हद्दीत पुरायला २० विरुद्ध ७ मतांनी होकार दिला. नाही म्हणण्याचा अधिकार खरा असला की होकारालाही वजन येतं. उलट ऑस्ट्रियाने आपला पहिला अणुप्रकल्प झ्वेंटेनडॉर्फला बांधून पुरा केला आणि मग ५ नोव्हेंबर १९७८ला सार्वमत घेतलं. ५०.४७ टक्के लोक विरोधात गेले आणि तयार प्रकल्प कधी सुरूच झाला नाही. उशिरा विचारण्याची किंमत यापेक्षा महाग क्वचितच पडली असेल. दुसरा आक्षेप अज्ञानाचा: शेतकऱ्याला, कोळ्याला अणुभट्टीतलं काय कळतं? पण जैतापूरजवळच्या साखरी नाट्याचा मच्छीमार भट्टीच्या रचनेबद्दल निकाल देत नाही. समुद्रात सोडलेल्या कोमट पाण्याने मासळी कुठे जाईल, हे तो विचारतो, आणि त्या विषयात त्याचं ज्ञान कोणाहून कमी नाही. तिसरा आक्षेप संख्येचा, आणि तो मला सर्वांत घातक वाटतो. विजेचा लाभ लाखोंना, झळ हजारोंना, म्हणून लाखोंचं ऐकायचं. विरळ वस्ती हा जागेच्या निवडीचाच एक निकष असेल, तर तिथली माणसं मतमोजणीत हरणार हे आधीच ठरलेलं असतं. पवनेचं पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला न्यायचं ठरलं तेव्हाही शहराच्या गरजेचं गणित पक्कं होतं. त्या योजनेविरुद्धच्या आंदोलनात ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळातल्या बऊरजवळ द्रुतगती महामार्गावर पोलिसांच्या गोळीबारात तीन आंदोलक शेतकऱ्यांचा जीव गेला.

मावळात हा प्रश्न पुन्हा उभा आहे. २०२३ मध्ये राज्य सरकार आणि टाटा पॉवर यांच्यात उदंचन, म्हणजे पाणी वर चढवून वीज साठवणाऱ्या, जलविद्युत प्रकल्पांचा करार झाला. शिरोत्याला १,८०० मेगावॉट आणि भिवपुरीला १,००० मेगावॉट. सौरऊर्जा वाढत असताना अशा साठवणुकीची गरज आहे, हे मी मानतो. म्हणूनच आग्रह धरतो की संमतीच्या यादीत सातबाऱ्यावरच्या नावांबरोबर वाट्याने कसणारा, मजुरीवर जगणारा आणि रानावर अवलंबून असणारा कातकरी-ठाकरही असावा, आणि ग्रामसभा आराखड्यावर सही होण्याआधी बोलावली जावी.