पाकिटे अनेक, वाण एक

निवडीची मुभा म्हणजे स्वातंत्र्य, असे आपण सहज म्हणून जातो. पण समोर मांडलेल्या दहा वस्तू मुळात एकच असतील, तर त्या निवडीला अर्थ काय?

आमच्या यवतमाळच्या कास्तकाराला हा प्रश्न नवा नाही. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि पुढे दुकानांत नाना कंपन्यांची रंगीत पाकिटे आली. बहुतेकांच्या पोटात जनुक मात्र मोन्सॅन्टोचेच!

ब्राउझरचेही तसेच आहे. गूगलचा क्रोम नको म्हणून कोणी एज घेतो, कोणी ऑपेरा, कोणी ब्रेव्ह; पण आतली यंत्रणा गूगलच्याच क्रोमियमवर उभी. फायरफॉक्सची यंत्रणा स्वतःची आहे. स्वयंसेवकांनी तो मराठीतही आणला. परंतु तो चालविणाऱ्या मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा वाटा गूगलशी केलेल्या शोधाच्या करारातूनच येतो.

मग सारे एकाच माळेचे मणी म्हणून सोडून द्यावे काय? मला तसे वाटत नाही. क्रोमने २०२४ साली जाहिराती अडविणारी काही जुनी पूरक साधने बंद करण्यास आरंभ केला. फायरफॉक्सने ती चालू ठेवली. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याहून वेगळी वाट त्याला धरता आली, कारण यंत्रणा त्याच्या हाती होती.

कोणाचेच देणे नसलेला माणूस जगात विरळा. तेव्हा ब्राउझर कोणाचे देणे लागतो एवढेच पाहू नये. नकार देण्याचे बळ त्याने राखले आहे काय, तेही पाहावे. पाकिटावरचे चित्र पाहून पेरणी करायची नसते.