तहानलेली खडी

पुण्यातल्या एका सोसायटीची चार मजली इमारत पाडायला घेतली, तेव्हा आबा रोज समोरच्या टपरीवर येऊन बसू लागले. १९८२ साली तिचा पहिला स्लॅब टाकला, त्या दिवशी घमेल्यांच्या रांगेच्या टोकाला थापी घेऊन तेच उभे होते. आता ब्रेकरचं टोक स्लॅबमध्ये घुसलं की ते चहाचा कप खाली ठेवत. सळया भंगारवाला नेई. उरलेला राडारोडा रात्री डंपरमधून नदीकाठी जाऊन पडे. सळईला भाव आहे म्हणून ती वाचते. खडीसाठीही डोंगरच फोडलेला असतो, पण तिची मोजदाद कुणी करत नाही.

आबांची नात सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला होती. तिनं त्या ढिगातली पाच पोती मागून आणली, काँक्रीटचे तुकडे फोडले, चाळले आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत ठोकळे भरले. सिमेंटसाठी चुनखडी १४५० अंशांपर्यंत भाजतात. भट्टीचा धूर वेगळाच, त्या दगडातूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के. म्हणून तिनं थोडं सिमेंट कमी करून औष्णिक वीज केंद्रातली राख घातली, आणि नव्या खडीतला पाचवा हिस्सा काढून तिथं जुन्या काँक्रीटची खडी. सळईच्या काँक्रीटमध्ये, एम-२५ दर्जापर्यंत, एवढी मुभा भारतीय मानकानं २०१६ सालीच दिलेली आहे.

२८ दिवसांनी ठोकळे यंत्राखाली गेले आणि हव्या त्या ताकदीच्या बरेच अलीकडे फुटले.

ती तुकडे पिशवीत घालून घरी आली. आबांनी एक तुकडा उजेडात धरला. फट नेमकी जुन्या खडीच्या कडेकडेनं गेली होती.

"कालवताना माल लगेच आवळला?"

"हो. मग मी वरून पाणी घातलं."

"पोरी, कोरडी वीट लावताना कुठल्या गवंड्याला पाहिलंस?"

ती गप्प झाली. वीट आधी हौदात भिजत घालतात, नाहीतर ती मसाल्यातलं पाणी पिऊन टाकते आणि सांधा भुसभुशीत राहतो, हे तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. जुन्या खडीला जुना मसाला चिकटलेला असतो, तोही तसाच सच्छिद्र. त्यानं पाणी ओढलं, आणि वरून ओतलेल्या पाण्यानं उरलेली ताकद घालवली.

"रात्रभर भिजव," आबा म्हणाले, "पण निथळत ठेवून मग वापर. आणि सगळं एकदम ओतू नकोस. प्लास्टरच्या आधी भिंतीला सिमेंटचं पाणी मारतो ना, तसा पहिला हात दे तिला."

तिच्या पुस्तकात हे होतं: आधी निम्मं पाणी, मग सिमेंट, खडीवर दाट लेप बसला की उरलेलं पाणी. लेप जुन्या मसाल्याच्या भेगांत शिरतो आणि सांधा घट्ट होतो. तो धडा तिनं परीक्षेपुरता वाचला होता.

दुसऱ्या खेपेला ती ५६ दिवस थांबली, कारण राखेचं काँक्रीट सावकाश धरतं. शेजारी तुलनेला सगळ्या नव्या खडीचे, राख न घातलेले ठोकळे होते. आधी ते फुटले. तिच्या ठोकळ्यांवर काटा त्यांच्या आकड्याशी आला आणि तो ओलांडून पुढे गेला.

संध्याकाळी आबांनी फुटलेल्या तोंडावरून अंगठा फिरवला. या वेळी फट जुन्या-नव्याच्या सांध्यातून गेलेली नव्हती. काळा दगडच मधोमध दुभंगला होता. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. त्या दगडांतला एखादा त्यांच्याच थापीखालून गेलेला असणार.

मग ते उठले आणि दाराआड ठेवलेली पहिल्या तुकड्यांची पिशवी बाहेर ओढली.

"हे फोडून ठेव," ते म्हणाले. "मी पिंप भरतो."