पाठवण्याआधी काढलेला फोटो

आम्ही चौघं एकमेकांना पोस्टाने दृश्यकविता पाठवतो. मी पुण्यात, एक मैत्रीण कोल्हापुरात, एक मित्र नागपुरात, एक मडगावात. दृश्यकवितेत अक्षराचा आकार, त्याची कागदावरची जागा, रंग हे सगळं शब्दाइतकंच बोलतं. ती फोनवर वाचून दाखवली तर निम्मी सांडते. कॉलेज संपताना सुरू केलेला हा उद्योग चार वर्षं टिकलाय. कधी ५० पैशांच्या पोस्टकार्डावर, कधी पाच रुपयांच्या पाकिटात. नियम दोनच. हाताने करायचं, आणि पाठवण्याआधी फोटो काढायचा नाही.

दुसरा नियम मी मोडला.

कोल्हापूरच्या मैत्रिणीचे वडील मागच्या पावसाळ्यात वारले. फोनवर काय बोलावं सुचेना, म्हणून कार्ड करायला बसले. जाड कागदावर पांढऱ्या दोऱ्याने एक आडवी रेघ शिवली. ती शिरोरेषाही होती आणि कपडे वाळत घालायची दोरीही. तिला 'बाबा' हा शब्द चार वेळा टांगला, दर वेळी शाई थोडी पातळ करत. पुढे नुसती दोरी, कागदाच्या कडेपर्यंत. तीन रात्री लागल्या. पाकिटात घालताना वाटलं, हे आता परत कधी दिसणार नाही. मी फोन काढला आणि फोटो घेतला.

पाकीट पोचलंच नाही. पाऊस असेल, पत्त्यातलं माझं गिचमिड अक्षर असेल, कळायला मार्ग नव्हता. महिन्याभराने तिने विचारलं, "तू काही पाठवलं होतंस का गं?" तिच्या आवाजात तक्रार नव्हती, पण बाकी दोघांची कार्डं तिला मिळाली होती. फोटो माझ्या फोनमध्ये होता. तो पाठवला तर नियम मोडल्याचं कळणार. नाही पाठवला, तर बाबा गेले तेव्हा मी गप्प बसले असंच तिच्याकडे राहणार.

खरं तर हा प्रश्न नियमाचा नाहीच. दिलेल्या वस्तूची प्रत स्वतःकडे ठेवली, तर ती वस्तू पूर्ण दिली असं म्हणता येतं का?

न्यूयॉर्कचा रे जॉन्सन १९५० च्या दशकापासून ओळखीच्या आणि अनोळखी लोकांना चित्रं, कोलाज, चिठ्ठ्या पोस्टाने पाठवायचा. त्यात आणखी काही घालून मला परत पाठवा किंवा अमक्याला धाडा, अशी सूचना असायची. १९९५ मध्ये तो गेला. त्याने पाठवलेलं जे आज बघायला मिळतं, त्यातलं पुष्कळसं मिळालेल्या लोकांनी जपून ठेवलं म्हणून उरलंय. आठवण सांभाळायचं कामसुद्धा त्याने समोरच्यावर सोपवलं होतं. उरुग्वेत लष्करी राजवट होती तेव्हा, १९७७ मध्ये, क्लेमेंते पादीन आणि होर्हे काराबालो यांना याच कलेपायी तुरुंगात टाकलं. पण जे आधीच देशाबाहेर लोकांच्या हातात गेलं होतं, ते राजवटीला परत मागवता येईना. जगभरच्या पोस्ट-कलाकारांनी त्यांच्या सुटकेसाठी मोहीम चालवली, तीही पोस्टानेच.

हातातून सोडण्यात अशी ताकद असते. प्रत ठेवणारा मात्र मनातून म्हणत असतो, टपालाचा भरवसा नाही आणि तुझाही नाही.

आपल्याकडे र. कृ. जोशींनी मराठीत अक्षरांच्या आकारांतून कविता केल्या. विंडोजवरचा 'मंगल' हा देवनागरी फॉन्टही त्यांचाच. टाइप केलेला 'ब' जगात कुठेही तसाच उमटतो, फॉन्ट असतो त्यासाठीच. हाताने काढलेला 'ब' एकदाच होतो. दोन्हींची गरज आहे. माझी चूक अशी, की एकदाच होणारी गोष्ट मला देऊनही टाकायची होती आणि ठेवायचीही होती.

पण दुसरी बाजूही खरी आहे. फोटो नसता तर तिला काहीच मिळालं नसतं. दुःखात असलेल्या माणसापुढे आपल्या नियमाचं सोवळं किती मिरवायचं? मी कबुली दिली आणि फोटो पाठवला. निळ्या टिका आल्या. बऱ्याच वेळाने तिचा मेसेज आला. "छान आहे. हा अजून कुणी पाहिलाय?"

पाहिला होता. पाकीट पेटीत टाकलं त्याच संध्याकाळी मी ऑफिसातल्या दोघींना दाखवला होता. "काय भारी केलंयस!" त्या म्हणाल्या होत्या आणि मला बरं वाटलं होतं. तिच्या बाबांची दोरी तिच्याआधी दोन परक्या माणसांनी पाहिली होती, आणि मी त्याचं कौतुक घेऊन मोकळी झाले होते.

तेव्हापासून माझ्यापुरती एक कसोटी ठरवलीये. फोटो काढला की नाही याला फार अर्थ नाही. हरवलं तर तिला पुन्हा देता यावं म्हणून काढला असेल, तर तो तिचाच आहे, माझ्याकडे फक्त ठेवायला दिलाय. पण तो पहिल्यांदा कुणाला दाखवला? जिच्यासाठी केलं तिच्याआधी दुसऱ्याला दाखवला असेल, तर भेट तिच्या नावाची आणि टाळ्या माझ्या. आपण वाढदिवसाच्या शुभेच्छा आधी स्टेटसला ठेवतो आणि मग त्या माणसाला फोन करतो, तेव्हाही हेच होतं.

मी तिला त्या दोघींबद्दल सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "बरं."

पंधरा दिवसांपूर्वी दुसरं कार्ड केलं. तेच पुन्हा जमलं नाही, दोराही वेगळा मिळाला. पत्ता सुवाच्य अक्षरात दोनदा तपासून लिहिला. फोटो काढला नाही. त्यावर काय होतं, ते इथे लिहिणार नाही.

पोचलं की नाही, तिने अजून सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही.